आवाजांनी डोक्यात तिडीक जाते: ऑनलाइन समुपदेशक कसा निवडावा?

कोरा_कागद:
नमस्कार मंडळी. शेजारी कुणी मचमच करत जेवलं, सारखं नाक ओढलं, पेनाचं बटण टकटक केलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. साधी चिडचिड नव्हे, उठून पळावंसं वाटतं. त्यातही घरच्यांचेच आवाज जास्त छळतात. हल्ली भांडी आपटली तरी कानात टोचतं. समोरासमोर जायचं तर बाहेर ताटकळतानाच अर्धा जीव जातो, म्हणून ऑनलाइन समुपदेशन शोधतेय. कुणी घेतलंय का? निवडताना काय बघावं?

आडवाट:
तुम्ही दोन वेगळे त्रास सांगताय. ठरावीक आवाज, मग तो कितीही हळू असो, संताप आणतो तो मिसोफोनिया. मोठा आवाज कानाला दुखतो ते हायपरॅक्युसिस. दोन्ही एकत्र असू शकतात, पण दुसऱ्यासाठी आधी प्रत्यक्षच जा. कितव्या डेसिबलला आवाज असह्य होतो हे ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मोजतो, घरच्या हेडफोनवर ते नीट होत नाही. मायग्रेन, डोक्याला मार, चेहऱ्याचा लकवा यांतही आवाज टोचू लागतात. एका कानाने अचानक कमी ऐकू यायला लागलं तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. आणि हो, कानाच्या स्नायूची प्रतिक्रिया बघायच्या चाचणीत बरेच मोठे आवाज सोडतात. ती टाळता येईल का, हे आधीच विचारून ठेवा.

फाटकी_छत्री:
एवढा खटाटोप कशाला? इअरप्लग घाला, दिवसभर शांतता. मी तेच करतो.

आडवाट:
छत्रीबुवा, गोंगाटात जरूर घाला, पण दिवसभर नको. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ज्यांनी दोन आठवडे प्लग वापरले त्यांना नंतर तेच आवाज जास्त मोठे वाटू लागले. ज्यांच्या कानात मंद खरखर सोडली होती त्यांचं उलट झालं. आत कमी आवाज पोचला की मेंदू तो स्वतःच वाढवून घेतो, असं मानतात.

निवांत_दुपार:
मी ऑनलाइन घेतलंय, म्हणून जरा लांबण लावते.

मिसोफोनिया हे नाव २००१ मधलं, आणि डीएसएम-५ किंवा आयसीडी-११ या डॉक्टर वापरतात त्या आजारांच्या अधिकृत याद्यांमध्ये त्याला स्वतंत्र निदानाचा दर्जा अजून नाही. त्यामुळे बऱ्याच चांगल्या समुपदेशकांनीही ते ऐकलेलं नसतं. तेवढ्यावरून नाकारू नका. "माहीत नाही, वाचून सांगतो" म्हणणारा चालेल, "सगळं मनाचे खेळ" म्हणणारा नको.

मग विचारा, "मला ते आवाज ऐकवत बसणार का?" भीतीच्या आजारांत सवय लावत नेणं चालतं. इथे मूळ भावना बहुतेकदा संताप किंवा किळस असते. नुसतं ऐकवत राहिलं तर चीड वाढू शकते. नेदरलँड्समध्ये सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलणाऱ्या उपचाराची) ५४ रुग्णांवर चाचणी झाली (२०२१). त्यात लक्ष दुसरीकडे वळवणं, त्या आवाजाला वेगळा अर्थ जोडणं आणि अंग सैल सोडणं यांवर भर होता. उपचार घेतलेल्यांपैकी ३७ टक्के लोकांमध्ये ठळक सुधारणा दिसली, प्रतीक्षायादीतल्यांत कुणातच नाही. तीन महिन्यांचे हे गट प्रत्यक्ष भरत होते, ऑनलाइन नव्हते. म्हणून "हमखास बरे करू" अशी जाहिरात दिसली की सरळ पुढे जा.

आता खरी गंमत. समुपदेशकच ट्रिगर, म्हणजे त्रास सुरू करणारा, ठरू शकतो! माइकजवळ घोट घेणं, कीबोर्ड बडवणं, श्वासाचा आवाज. पहिल्याच भेटीत सांगून टाका. मी हेडफोन काढून स्पीकर लावते, आवाज कमी आणि सबटायटल चालू. काही जण फक्त लेखी चॅटवरही सत्र घेतात, तेही विचारा. समोरचा पाय हलवताना दिसला तरी त्रास होत असेल तर स्क्रीनवरची त्याची खिडकी झाका. तुमच्या राहत्या ठिकाणी त्यांचा परवाना चालतो ना, तेवढं पैसे भरण्याआधी बघा.

कोरा_कागद:
खूप आभार, ताई! आणि घरच्यांचं काय करू? सांगितलं की ते मुद्दाम हळू चावतात, मग मला आणखीच ऐकू येतं.

निवांत_दुपार:
हाहा, अगदी. एखाद्या सत्राला त्यांनाही बसवा. तुम्ही कळवळून समजावण्यापेक्षा त्यांना तिसऱ्याकडून पटकन पटतं. जेवताना मागे पंखा किंवा हलकं संगीत ठेवायचं का, कधी उठून गेलात तर कुणी मनाला लावून घ्यायचं नाही, असं तिथेच ठरवून टाका. आमच्याकडे "आत्ता नको" म्हणायला हाताची खूण आहे, बोलावंच लागत नाही.

फाटकी_छत्री:
बरं, ती मंद खरखर कुठल्या अ‍ॅपमध्ये मिळते?

आडवाट:
अ‍ॅप नंतर. आधी ऑडिओलॉजिस्ट, छत्रीबुवा.