मदत हवी आहे : सोलापुरात पोटाच्या डायलिसिसची नळी किडनीतज्ज्ञ स्वतः बसवतात का?

सासूबाईंना सीएपीडी (घरीच रोज करायचे पोटाचे डायलिसिस) सुचवले आहे. मात्र हृदय अशक्त असल्याने पूर्ण भूल टाळावी, असे हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले आहे. केवळ जागा बधिर करून, सुई आणि तारेच्या आधाराने किडनीतज्ज्ञही टेंकहॉफ कॅथेटर (या डायलिसिसची पोटातली नळी) बसवू शकतात. परंतु जिथे चौकशी केली तिथे हे काम सर्जनकडे, दुर्बिणीतून आणि पूर्ण भुलीखालीच होते. खरी अडचण अशी की, गर्भाशयाच्या जुन्या शस्त्रक्रियेचा बेंबीखाली वीतभर उभा व्रण आहे आणि अशा पोटात आतडी चिकटलेली असू शकतात. नळी बसवल्यावर जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, म्हणून पुणे-हैदराबाद शक्यतो नको. असा व्रण असतानाही सोनोग्राफीत पाहून, पूर्ण भूल न देता नळी बसवणारे किडनीतज्ज्ञ सोलापुरात कोणत्या रुग्णालयात आहेत?