गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल घरी बदलायचे आहे, अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

मूळ प्रश्न

माझी मागच्या चाकांवर चालणारी, पाच गिअरची मॅन्युअल गाडी आता १,१०,००० किलोमीटर चालली आहे. तिच्या नोंदवहीत इंजिन ऑइल, ब्रेक आणि कूलंट यांच्या नोंदी व्यवस्थित सापडतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच) यांच्या ऑइलची मात्र एकही नोंद नाही, म्हणजे कारखान्यातून भरून आलेले ऑइलच अजून आत असावे असे मी धरून चाललो आहे. गाडी थंड असताना दुसरा गिअर पहिली काही मिनिटे अडखळत पडतो, आणि गाडी तापली की तक्रार राहत नाही. इंजिन ऑइल मी बरीच वर्षे स्वतः बदलतो, त्यामुळे गाडीखाली झोपण्याची सवय आहे. परंतु या दोन ठिकाणी कधी हात घातलेला नाही. दोन्हीकडे एकाच डब्यातले गिअर ऑइल चालेल का, कामाचा क्रम काय असावा आणि कोणती हत्यारे आधी जवळ हवीत, हे ज्यांनी हे काम स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे. घरातली दुसरी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक आहे. तिचेही ऑइल त्याच सुट्टीत बदलावे असा विचार आहे.

प्रतिसाद १

कोणते ऑइल, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. सर्वांत आधी, नवीन ऑइल ज्या भोकातून आत जाते तो बाजूचा फिलर प्लग सुटतो की नाही हे पाहा, आणि तो सुटून हातात आल्याशिवाय खालच्या ड्रेन प्लगला पाना लावू नका. इंजिनाचे ऑइल भरण्याचे झाकण हाताने उघडते, त्यामुळे इंजिनावर सरावलेल्या माणसाला ही भीती सुचतच नाही. मलाही सुचली नव्हती. मी खालचे ऑइल काढून मोकळा झालो आणि मग कळले की वरचा प्लग वर्षानुवर्षांच्या गंजाने जाम झाला आहे. गिअरबॉक्स रिकामा, म्हणून गाडी चालवत कुठे नेताही येईना. तो प्लग निघेपर्यंत गाडी चार दिवस उचलून स्टँडच्या आधारावर उभी होती.

आदल्या रात्री दोन्ही प्लगांवर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवा. काही गाड्यांत प्लगला बाहेरून बसणारा साधा पाना लागतो, काहींत आत षटकोनी खाच असते, तर काहींत चौकोनी. नेमके माप आधी पाहून तेच हत्यार आणा. मापापेक्षा जरा सैल हत्यार खाचेचे कोपरे गोल करते, आणि एकदा ते गोल झाले की तोडकाम करण्यावाचून मार्ग उरत नाही. खाचेत साचलेली माती टोच्याने उकरून हत्यार तळापर्यंत बसले आहे याची खात्री करा, मगच लांब दांडा लावा.

प्रतिसाद २

दोन्हीकडे एकच डबा, हे शक्यतो नको. आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये बहुधा हायपॉइड प्रकारचे दातेरी गिअर असतील. त्यांत छोट्या गिअरचा अक्ष मोठ्या गिअरच्या मध्यरेषेवर नसून तिच्या खाली असतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, तर प्रचंड दाबाखाली घासत सरकतात. हा दाब नुसत्या ऑइलचा थर पेलू शकत नाही, म्हणून जीएल-५ दर्जाच्या (जीएल-४, जीएल-५ ही गिअर ऑइलच्या दर्जांची नावे) ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगे जास्त प्रमाणात घातलेली असतात. ती दातांच्या पृष्ठभागावर रासायनिक थर तयार करतात आणि धातूला धातू चिकटू देत नाहीत.

मॅन्युअल गिअरबॉक्समधील सिंक्रोनायझर रिंगांची गरज नेमकी उलटी असते. गिअर पडण्याआधी रिंगेने समोरच्या शंकूला पकडून दोघांचा वेग सारखा करायचा असतो, म्हणजे तिथे घर्षण हवेच असते. जीएल-५ तिथे नको इतके निसरडे ठरू शकते, आणि त्यातील क्रियाशील गंधक काही वेळा पितळेच्या किंवा ब्राँझच्या रिंगा हळूहळू खातो. म्हणून अशा गिअरबॉक्ससाठी सहसा जीएल-४ सांगितलेले असते. उलट बाजूने, हायपॉइड डिफरन्शियलमध्ये जीएल-४ घालणे ही त्याहून मोठी चूक होय, कारण तिथे संरक्षण कमी पडते आणि दात खराब होतात.

घट्टपणाच्या आकड्यांविषयीही एक गैरसमज सर्रास आढळतो. डब्यावर ९० आकडा पाहून हे ऑइल ४० च्या इंजिन ऑइलपेक्षा दुप्पट घट्ट असेल असे वाटते, परंतु दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ९० चे गिअर ऑइल गरम असताना साधारण ४० ते ५० च्या इंजिन ऑइलइतकेच घट्ट असते. आपल्या तक्रारीशी संबंध आहे तो ७५डब्ल्यू-९० सारख्या नावातील डब्ल्यूच्या (म्हणजे विंटर, थंडी) आधीच्या आकड्याचा. ७५डब्ल्यूची थंडीतली घट्टपणाची कसोटी उणे ४० अंश सेल्सिअसला घेतात, ८०डब्ल्यूची उणे २६ अंशांना आणि ८५डब्ल्यूची उणे १२ अंशांना. आपल्याकडे इतकी थंडी नसली तरी थंड गाडीत दुसरा गिअर सहज पडण्यासाठी ७५डब्ल्यू-९० चा फरक हाताला जाणवतो.

प्रतिसाद ३

वरील विवेचन बरोबर आहे, पण ते सरसकट लागू करू नये. काही उत्पादक मॅन्युअल गिअरबॉक्ससाठी जीएल-५ च सांगतात, काहींत ऑटोमॅटिकचे पातळ ऑइल जाते आणि काहींत तर चक्क इंजिन ऑइल. सिंक्रोनायझर रिंगा आता कार्बनच्या आणि इतर पदार्थांच्या लेपाच्याही असतात. गाडीच्या पुस्तिकेत जे छापले आहे तेच अंतिम मानावे. धाग्यावरील कोणाच्याही मताला, माझ्यासुद्धा, त्यापुढे किंमत नाही.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. पुस्तिका उघडली: गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० जीएल-४, तर डिफरन्शियलसाठी ८०डब्ल्यू-९० जीएल-५. दोन्ही फिलर प्लग सुटले, गिअरबॉक्सचा मात्र बऱ्याच विनवण्यांनंतर. नवीन अडचण अशी की डिफरन्शियलला खाली ड्रेन प्लगच दिसत नाही. मागे गोल पत्र्याचे झाकण आहे आणि त्याभोवती दहा बोल्ट आहेत.

प्रतिसाद ४

अशी रचना पुष्कळ गाड्यांत असते. फिलरच्या भोकातून नळी घालून पंपाने जुने ऑइल ओढून काढता येते, पण तळाचा गाळ तसाच राहतो. पहिल्याच वेळी आणि १,१०,००० किलोमीटरनंतर मी तरी झाकण काढलेच असते. वरचे दोन बोल्ट नुसते सैल करून जागीच ठेवा, बाकीचे काढा, आणि झाकणाच्या खालच्या कडेला हलकेच पट्टी घालून ते सोडवा. ऑइल खालून वाहू लागते आणि झाकण अंगावर पडत नाही. भांडे मोठे घ्या, कारण ऑइल एका धारेने न पडता सगळ्या कडेने ओघळते. जुने कपडे घाला. गंधकाचा तो वास धुऊनही जात नाही.

गाळाकडे लक्षपूर्वक पाहा. चुंबकावर किंवा तळाशी करड्या रंगाची मऊ लुगदी असेल तर ती नेहमीची झीज आहे, काळजी नको. बोटांना टोचणारे तुकडे किंवा दाताचा कोपरा सापडला तर ऑइल बदलून प्रश्न सुटणार नाही. ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे; अशा वेळी वरची हवा सुटण्याची छोटी नळी, म्हणजे ब्रीदर, तपासा. ती तुंबली की तापलेल्या हवेचा दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो, आणि तापलेली गाडी पाण्यात शिरून एकदम थंड झाली की आत पाणी ओढले जाते.

झाकण परत बसवताना दोन्ही पृष्ठभाग पूर्ण कोरडे आणि तेलकटपणाविना हवेत. सिलिकॉन गॅस्केटची सुमारे ३ मिलिमीटर जाडीची अखंड रेघ बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने फिरवा, बोल्ट समोरासमोर आळीपाळीने आवळा, आणि ट्यूबवर लिहिलेला वेळ पूर्ण झाल्याशिवाय ऑइल भरू नका. माझ्या पाहण्यात या कामातली बहुतेक गळती घाईमुळे झालेली आहे.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली: डिफरन्शियल साधे आहे की लिमिटेड स्लिप, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे? क्लचपट्ट्यांचे लिमिटेड स्लिप असेल तर ऑइलमध्ये घर्षण नियंत्रित करणारे खास मिश्रण लागते, अन्यथा वळणावर मागून कडकड आवाज येतो. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना अडण्या, हँडब्रेक सोडलेला आणि दोन्ही मागची चाके स्टँडवर अधांतरी, अशा स्थितीत एक चाक हाताने फिरवा. दुसरे चाक उलट दिशेने सहज फिरले तर डिफरन्शियल साधे आहे.

प्रतिसाद ५

स्टँडचा विषय निघाला म्हणून सांगतो. इंजिन ऑइल बदलताना नुसता पुढचा भाग उचलला तरी भागते, इथे भागत नाही. फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल आले की पातळी बरोबर, हा नियम गाडी सपाट असेल तरच खरा असतो. नाक वर असलेल्या गाडीत पातळी चुकते आणि ते कळतही नाही. चारही कोपरे सारखे उचलून चार स्टँडवर ठेवा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, मग काम दोन मिनिटांचे का असेना. ऑइल काढण्यापूर्वी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा, म्हणजे ते पातळ होऊन गाळासह बाहेर येते. नवे भरण्यासाठी डब्याच्या तोंडावर बसणारा हातपंप उत्तम. गिअरबॉक्ससाठी इंजिनाच्या बाजूने लांब नळी आणि नरसाळे लावूनही काम होते. तांब्याचे किंवा अॅल्युमिनियमचे वॉशर नवे घाला, आणि अॅल्युमिनियमच्या कवचातले प्लग टॉर्क पान्यानेच, पुस्तिकेतील मापाइतकेच आवळा. आटे गेले की खर्च ऑइलच्या कित्येक पट होतो.

प्रतिसाद ६

ऑटोमॅटिकविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या पोटातच असते आणि दोघांना एकच ऑइल पुरते, त्यामुळे त्या गाडीत वेगळे डिफरन्शियल शोधत बसू नका.

खालून ऑइल सोडले तरी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाचा जोर ऑइलमार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) बरेचसे अडकून राहते. समजा एकूण ८ लिटर आहे आणि एका वेळी ३.२ लिटर, म्हणजे ४० टक्के निघते. पहिल्या खेपेनंतर नवे ऑइल ४० टक्के, मध्ये काही दिवस गाडी चालवून दुसऱ्या खेपेनंतर ६४ टक्के आणि तिसऱ्यानंतर सुमारे ७८ टक्के होते. घरी करायची हीच सौम्य पद्धत मला पटते. जितके निघाले तितकेच मोजून भरा. अंतिम पातळी मात्र पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानालाच, आणि बहुधा इंजिन चालू ठेवून, तपासायची असते. ते तापमान वाचण्याचे साधन जवळ नसेल तर हे काम जाणकाराकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑइलचा दर्जा पुस्तिकेतीलच हवा, लाल रंगावर जाऊ नका. रंग केवळ ओळखीसाठी मिसळलेला असतो. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी सलग बदलत जाणारा गिअरबॉक्स) असेल तर तिचे ऑइल पूर्णपणे निराळे असते. या ऑइलमधले घर्षण किती काटेकोरपणे ठरवलेले असते याचे एक उदाहरण: जनरल मोटर्सने १९६७ साली आणलेल्या डेक्सरॉन या ऑटोमॅटिकच्या ऑइलच्या पहिल्या प्रकारात त्यासाठी स्पर्म व्हेलचे तेल वापरत, आणि ते मिळेनासे झाल्यावर सगळे सूत्रच नव्याने बांधावे लागले.

जुन्या ऑटोमॅटिकचे ऑइल बदलले की गिअरबॉक्स बसतो, ही समजूतही आपल्या कानावर येईल. गिअर घसरू लागल्यावरच लोकांना ऑइल आठवते, आणि आधीच संपत आलेल्या क्लचपट्ट्यांचा दोष नव्या ऑइलच्या माथी जातो. आपली गाडी सुरळीत गिअर बदलत असेल तर बदलायला हरकत नाही.

धागाकर्ता

मॅन्युअल गाडीचे काम झाले. डिफरन्शियल साधेच निघाले; तळाशी करडी लुगदी होती, तुकडे नव्हते. झाकण लावून रात्रभर तसेच ठेवले आणि दुसऱ्या दिवशी ऑइल भरले. गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल जवळपास काळे होते, आणि मोजल्यावर पुस्तिकेतील मापापेक्षा सुमारे ३०० मिलिलिटर कमी निघाले; मागच्या सीलजवळ जुना ओलसर डाग आहे, तो पुसून कोरडा केला आहे आणि आठवड्याने पुन्हा पाहणार आहे. दुसरा गिअर थंडीत अजून किंचित जड वाटतो, पण अडखळत नाही. जुने ऑइल झाकणबंद डब्यांत भरले असून ते पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्यांकडे देईन. ऑटोमॅटिकला तापमान वाचण्याचे साधन हाती आल्यावरच हात लावीन. तोवर कोणाला त्या कामात फिल्टर बदलण्याचा अनुभव असेल तर इथेच लिहावे.