पार्डिगलबाईंचा राग येतो, मग ब्राउनलोसाहेबांचा का नाही?

वडाळाकरीण
डिकन्सचं 'ब्लीक हाउस' (1852-53) सध्या लोकलमध्ये वाचतेय. नोकरी आधी सांगते, म्हणजे प्रश्न कुठून आला ते कळेल. लोअर परळच्या एका कंपनीत मी सीएसआर, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याचं काम, बघते. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. ते कुठे जाणार हे ठरतं त्या मीटिंगमध्ये मी कोपऱ्यात बसून मिनिट्स लिहिते.

तर मिसेस पार्डिगल. ही बाई पोरांचा खाऊचा पैसासुद्धा कुठल्या ना कुठल्या फंडात भरायला लावते. ती वीटभट्टीवाल्याच्या घरात घुसते. तो जमिनीवर लोळत पडलेला. बाई काय विचारणार हे त्याला पाठ आहे, म्हणून प्रश्न तोच विचारतो आणि उत्तरंही तोच देतो. मुलगी कपडे धुतेय का? धुतेय, हे पाणी बघा, वास घ्या त्याचा. घर घाण आहे का? आहे, आणि पाच पोरं तान्हेपणीच गेली आमची. पुस्तक ठेवून गेलात ते वाचलं का? नाही वाचलं. तरी बाई पुस्तक उघडून मोठ्यानं वाचतातच. त्या निघून जातात आणि आईच्या मांडीवरचं तान्हं मूल जातं. ते आजारी आहे हे बाईंच्या लक्षातही आलेलं नसतं.

मागच्या जूनमध्ये गोवंडीत आम्ही लोगोवाली दप्तरं वाटली. पोरं रांगेत, मागे बॅनर. एक बाई म्हणाली, "दप्तर ठीक आहे मॅडम, पाण्याचं काय? कॅनमागे पैसे मोजतो आम्ही." आमचे साहेब म्हणाले, ते आपल्या हेडमध्ये बसत नाही.

आता प्रश्न. पार्डिगलबाईंना डिकन्स सोलून काढतो, पण 'ऑलिव्हर ट्विस्ट'मधले श्रीमंत, दयाळू ब्राउनलो त्याला देवमाणूस वाटतात. त्यांनी उचललं एका अनाथ ऑलिव्हरला. तिकडे त्याचा सोबती छोटा डिक मेला तो मेलाच. मनानं चांगला श्रीमंत नशिबात असेल तर तरायचं, एवढंच का याचं नीतिशास्त्र?

गिरगावकर_आजोबा
ताई, 1834 चा पुअर लॉ, म्हणजे इंग्लंडचा गरिबांच्या मदतीचा कायदा, बाजूला ठेवून ब्राउनलो वाचू नका. वर्कहाउसमधले, म्हणजे गरिबांना ठेवून राबवायच्या सरकारी आश्रयघरातले, हाल बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा जास्तच असले पाहिजेत, असं धोरणच होतं, म्हणजे कोणी सुखासुखी आत यायला नको. सरकारी मदत अशी असल्यावर वाचकाला खिशातून नाणं काढणारा म्हातारा देव वाटणारच. डिकन्सच्याच 'अवर म्युच्युअल फ्रेंड'मधली गरीब म्हातारी बेटी हिगडन बघा. वर्कहाउसच्या हाती लागू नये म्हणून पळत राहते, आणि स्वतःच्या मातीचे पैसे कपड्यात शिवून ठेवते.

मोरपंखी
मला डिकन्सचाच राग येतो. 'ब्लीक हाउस'मधल्याच जेलिबीबाई, पार्डिगलबाई, चेष्टा कोणाची, तर घराबाहेर काम करणाऱ्या बायकांची. जेलिबीबाईंचा आफ्रिकेतला प्रकल्प बुडाल्यावर शेवटी त्यांच्या हाती काय देतो, तर बायकांना पार्लमेंटात बसायचा हक्क! तोही विनोद म्हणून. स्त्रियांच्या हक्कांचा कैवारी विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यावरून खवळला होता. वडाळाकरीण, वस्तीत तुम्ही गेलात म्हणून ती बाई पाण्याचं बोलली तरी. तुमचे साहेब एरवी गेले असते का?

वडाळाकरीण
@मोरपंखी, गेले नसते, खरंय. पण नुसतं जाणं पुरत नाही. एलिझाबेथ गॅस्केलच्या 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये (1854-55) मार्गारेट गिरणीकामगार हिगिन्सला सहज नाव-पत्ता विचारते. तिच्या गावात पाद्रीबाबाच्या मुलीनं असं विचारणं रीतच होती. हा उलट विचारतो, कशाला हवाय? अनोळखी माणसं घरात आलेली मला फारशी आवडत नाहीत, हेही ऐकवतो. मग कुठे दोघांची ओळख वाढते, आणि पुढे हाच माणूस संपावरून तिच्याशी भांडतो. ब्राउनलोंशी ऑलिव्हर भांडू शकतो का? माझ्या मते पार्डिगलबाई आणि ब्राउनलो यांची जात एकच. एक खडूस, एक प्रेमळ, पण समोरच्यानं "कशाला?" म्हणायची सोय दोघांकडेही नाही. आमच्या लाभार्थी-फॉर्मवर 'अभिप्राय' असा रकाना आहे. तो आमचाच माणूस भरतो!

शीव_सर्कल
सगळे देणाऱ्याच्या स्वभावावर बोलताय, पैसा आला कुठून त्याचं काय? जॉर्ज एलियटच्या 'मिडलमार्च'मधला बँकवाला बलस्ट्रोड नव्या हॉस्पिटलला पैसा देतो, आणि तो पैसा मुळात चोरीचा माल घेणाऱ्या गहाणवट धंद्यातला. लांब कशाला जाता, आपलं जे.जे. हॉस्पिटल 1845 चं. जमशेटजी जीजीभॉयांची कमाई चीनच्या अफूव्यापारातली होती. माझ्या आईचं ऑपरेशन तिथेच झालं आणि ती ठणठणीत आहे. आता मी काय म्हणू?

वडाळाकरीण
@शीव_सर्कल, आईंना बरं वाटलं हे उत्तमच, आणि त्यासाठी तुम्ही अफूचं समर्थन करायची गरज नाही. तिथल्या पेशंटवर जमशेटजींचं ऋण नाही, निदान मी तरी मानत नाही. बलस्ट्रोडचं दुखणं मला वेगळं वाटतं. देणगी देऊन त्याला माणसं मुठीत हवी असतात. डॉक्टर लिडगेट त्याच्या हजार पौंडांच्या उपकाराखाली आला आणि गावाच्या नजरेतून कायमचा उतरला. गरीबच कशाला, शिकलेला डॉक्टरसुद्धा घेणारा झाला की त्याचं तोंड बंद. आमच्या एनजीओ-पार्टनरांचंही तसंच. चेक सुटेपर्यंत साहेबांच्या प्रत्येक वाक्याला "हो सर".

गिरगावकर_आजोबा
मग ट्रोलपचं 'द वॉर्डन' घ्या. बारा म्हाताऱ्यांसाठीचा ट्रस्ट, आणि त्यांची देखभाल बघणाऱ्या वॉर्डनला वर्षाला आठशे पौंड. माणूस एकदम सज्जन आहे, तुमची पंचाईत होईल.