गावातल्या लग्नाला दुरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी संकेतस्थळ: काय ठेवावे, काय वगळावे?

प्रश्न: धानपट्टा

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गावी, गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधजवळ, करण्याचे ठरले आहे. नवरदेवाकडची मंडळी कोल्हापूर आणि पुण्याची आहेत. दोघांच्याही कार्यालयातले बरेचसे सहकारी बेंगळुरूहून येतील. नागपुरात सभागृह घ्यावे असा आग्रह पुष्कळ झाला, पण आजीला आता प्रवास झेपत नाही आणि बहिणीचीही इच्छा तीच असल्याने मांडव घरापुढेच पडणार आहे. बाहेरून येणारे पाहुणे दीडशेच्या आसपास असतील आणि त्यांतील बहुतेकांनी नागपूरच्या पुढचा विदर्भ पाहिलेला नाही.

स्टेशन कोणते, राहायचे कुठे, ऊन किती असते, हे प्रश्न आताच रोज फोनवर येऊ लागले आहेत, म्हणून एक छोटे संकेतस्थळ करावे असे वाटते. बहिणीच्या मैत्रिणींनी काही तयार नमुने पाठवले; त्यांत जोडप्याची ओळख कशी झाली, छायाचित्रे आणि भेटवस्तूंची यादी यांनाच बहुतेक जागा दिलेली आहे. त्यातले आमच्या पाहुण्यांच्या कामाचे किती, हे कळत नाही. शिवाय ‘आपण येणार का?’ असे लेखी विचारणे आमच्याकडे जरा उद्धटपणाचे वाटते, आणि न विचारावे तर गाड्यांची व खोल्यांची सोय करता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. खर्च शक्यतो नको.

उत्तर: साकोली नाका

धानपट्टा भाऊ, अभिनंदन. आमच्या घरच्या लग्नात अशा पानाची जबाबदारी माझ्याकडे होती, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रेमकहाणी ठेवायचीच असेल तर शेवटच्या पानावर ठेवा. पाहुणा घरून निघाल्यापासून मांडवात पोहोचेपर्यंत त्याच्या मनात ज्या क्रमाने प्रश्न उठतात, त्याच क्रमाने मजकूर लिहावा, आणि त्यात पहिला क्रमांक तिकिटाचा. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे तुमच्या तारखेसाठी ते फेब्रुवारीच्या अखेरीस उघडेल. संकेतस्थळ त्याआधी लोकांच्या हाती पडले पाहिजे. मे महिन्याच्या सुट्ट्या तोंडावर आलेल्या असतात आणि लग्नसराईही असते, तेव्हा पत्रिका छापून आल्यावर पान करायला घेतले तर ते केवळ शोभेचे राहील. परतीचे तिकीटही त्याच सुमारास काढावे, हे ठळक लिहा. जाण्याचे तिकीट सगळे काढतात आणि परतीच्या वेळी प्रतीक्षा यादी घेऊन यजमानाकडे बघत बसतात.

गाड्यांची नावे द्या, वेळा देऊ नका. कोल्हापूर व पुण्याच्या मंडळींना महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत आणते, पुण्याहून आझाद हिंद एक्सप्रेसही गोंदियाला थांबते, आणि मुंबईहून कोणी असेल तर विदर्भ एक्सप्रेस आहे. वेळापत्रक बदलत असते, त्यामुळे वेळेसाठी रेल्वेच्या अधिकृत चौकशीचा दुवा द्यावा. बेंगळुरूच्या मंडळींनी विमानाने नागपूरला यावे हे सोयीचे, मात्र नागपूर म्हणजे लग्नघर नव्हे, हे त्यांना पहिल्याच ओळीत कळले पाहिजे. विमानतळावरून भंडारा, साकोली, कोहमारा आणि तिथून उजवीकडे नवेगावबांध, असा राष्ट्रीय महामार्ग ५३ वरचा रस्ता सलग वाक्यांत लिहा. साकोलीच नागपूरपासून साधारण १०० किलोमीटर आहे. ‘दुपारचे विमान घेऊन संध्याकाळच्या मुहूर्तावर पोहोचू’ असा हिशेब करणारे नेहमी निघतात, त्यांच्यासाठी हा आकडा आवश्यक आहे.

नावांचा घोळ विसरू नका. गोंदिया जिल्ह्यात सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे दोन वेगळे तालुके आहेत. नुसते ‘अर्जुनी’ लिहिले की अर्धे वऱ्हाड एका अर्जुनीला आणि अर्धे दुसऱ्या. नवेगावही एकच नाही. पेंच धरणाजवळचे नवेगाव खैरी नागपूर जिल्ह्यात आहे आणि नकाशात नुसते ‘नवेगाव’ टाकल्यास कोणीही तिकडे वळू शकतो. म्हणून पत्त्यासोबत नकाशातील नेमक्या खुणेचा दुवा द्या, आणि ती खूण स्वतः मांडवाच्या जागी उभे राहून घ्या. नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवण्याची सूचनाही लिहा, कारण महामार्ग सोडल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही.

रात्रीच्या प्रवासाबद्दल मी स्पष्ट लिहीन. हा परिसर नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या भोवतीचा आहे, आणि नकाशा जवळची वाट म्हणून जंगलातला रस्ता दाखवतो. अंधार पडल्यावर रानडुकरे आणि चितळ रस्त्यावर येतात. अनोळखी चालकाने त्या वाटेने जाऊ नये, थोडे लांब पडले तरी कोहमाऱ्यावरूनच यावे, हे एक वाक्य फुलांच्या दहा छायाचित्रांपेक्षा उपयोगी पडेल.

उत्तर: वर्धा रोड

वरील उत्तराशी सहमत आहे. तांत्रिक बाजूपुरते लिहितो.

गूगल साइट्सवर विनामूल्य पान करता येते आणि तुमच्या कामाला ते पुरते. स्वतंत्र नाव विकत घेण्याचे कारण नाही. छायाचित्रे लहान करूनच चढवा. गावात पोहोचलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवर पान उघडलेच नाही तर सगळी मेहनत वाया. मुख्य मजकूर चित्रावर छापू नका. अक्षरांत असलेला मजकूर शोधता येतो, उचलून पुढे पाठवता येतो आणि कन्नड किंवा हिंदी भाषांतरही मोबाइल करून देतो. सुंदर चित्रातला पत्ता मात्र कोणाच्याच कामाचा नसतो. मराठी आधी आणि इंग्रजी स्वतंत्र पानावर ठेवा, एका परिच्छेदात दोन्ही भाषांची सरमिसळ नको.

‘येणार का?’ या प्रश्नाबद्दल. तो विचारूच नका. पाहुणा येणार हे गृहीत धरून ‘आपण कोणत्या गाडीने किंवा विमानाने पोहोचत आहात, सोबत किती जण आहेत, आणि घ्यायला वाहन कुठे पाठवावे?’ असे विचारा. यात मान राखला जातो, आणि ज्याला यायचे नाही तो आपणहून कळवतो. हे सर्व गूगल फॉर्मवर घ्या. ‘एकच प्रतिसाद’ ही मर्यादा लावू नका, कारण ती लावली की गूगल खात्यात प्रवेश करावा लागतो आणि ज्येष्ठ मंडळी तिथेच थांबतात. फाइल चढवण्याचा रकानाही त्याच कारणाने टाळावा. ओळखपत्रांच्या प्रती तर मागूच नयेत. लॉजवर ओळखपत्र दाखवावे लागेल, ते सोबत ठेवा, एवढेच सांगावे.

पत्रिकेवर क्यूआर कोड छापणार असाल तर तो थेट संकेतस्थळाच्या पत्त्याचा असावा. काही सेवा फुकट कोड देतात आणि चाचणीची मुदत संपली की तो कोड बंद पडतो. तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात. क्रोम ब्राउझरमध्येच पानाचा कोड तयार होतो, त्याला मुदत नसते.

आणखी एक. लग्नाच्या तारखेला कोणाचे घर रिकामे असणार, कोण कुठे उतरणार आणि कोणाचा मोबाइल क्रमांक काय, हे उघड्या पानावर नसावे. साइट्समध्ये शोधयंत्रांना पान न दाखवण्याची विनंती करणारा पर्याय आहे तो निवडा, पण तेवढ्यावर विसंबू नका. क्रमांक आणि खोल्यांची वाटणी व्हॉट्सॲपवरूनच पाठवा. प्रसारण यादीत २५६ जण मावतात, मात्र ज्यांच्या मोबाइलमध्ये तुमचा क्रमांक जतन आहे त्यांनाच संदेश पोहोचतो.

उत्तर: मोहफूल

दादा, मी लाखांदूरची सून आहे आणि माहेर साताऱ्याचे, त्यामुळे पाहुण्यांच्या बाजूने लिहिते.

एप्रिलच्या अखेरीस आपल्याकडे पारा ४२–४३ अंशांवर जातो, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या माणसाला आकडा वाचून कळत नाही. ‘दुपारी बारा ते चार बाहेर पडू नये, डोक्याला दुपट्टा बांधावा, भरजरी साडी संध्याकाळसाठी ठेवावी, सकाळी सुती नेसावी’ असे सांगितले तरच कळते. मुक्कामाच्या ठिकाणी कूलर आहे की वातानुकूलन, वीज गेल्यास जनित्राची सोय आहे का, आणि संडास कमोडचा आहे की भारतीय बैठकीचा, हे प्रत्येक जागेपुढे लिहा. गुडघे दुखणाऱ्या आत्या-मावशांना हे फोनवर विचारायला संकोच वाटतो आणि मग त्या येण्याचेच टाळतात. ज्यांना वातानुकूलन हवेच त्यांना गोंदियात किंवा साकोलीत उतरवावे. गावातल्या शेजाऱ्यांच्या ओसऱ्या तरुण मंडळींना द्याव्यात.

एसटीचाही उल्लेख असू द्या. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे, हे परगावच्या लोकांना ठाऊक असते, पण नागपूरहून साकोलीपर्यंत एसटीने येता येते, हे सुचत नाही. जेवणाबद्दल दोन ओळी पुरेत: तिखट किती असेल आणि बिनतिखटाची पंगत कधी बसेल. माझ्या लग्नात सातारकरांनी वडा-भात पाहून ‘वडे भातावर कुस्करून, वरून फोडणीचे तेल घेऊन खायचे?’ असे विचारले होते; नंतर तेच दुसऱ्यांदा मागत होते.

धानपट्टा

आपणा सर्वांचे आभार. प्रश्नाची ती फिरवलेली मांडणी बाबांना फार आवडली. बेंगळुरूची मंडळी आता व्याघ्र सफारीबद्दल विचारत आहेत. तीही माहिती ठेवावी का?

उत्तर: साकोली नाका

ठेवा, पण लग्नाच्या दुसऱ्या दिवसासाठी. सफारी पहाटे आणि दुपारी असते, नोंदणी वनविभागाच्या संकेतस्थळावरून होते आणि नोंदणीच्या वेळी दिलेले मूळ ओळखपत्र प्रवेशद्वारावर लागते. नागझिऱ्याचे पिटेझरी प्रवेशद्वार साकोलीहून जवळ आहे, चोरखमारा तिरोड्याच्या बाजूने पडते. साकोलीत उतरलेल्यांनी पिटेझरीच घ्यावे. ज्यांना पहाटे उठायचे नाही त्यांना संध्याकाळी नवेगावबांधच्या तलावावर न्या, तिथे नोंदणीची दगदग नाही. नोंदणी तुम्ही स्वतः अंगावर घेऊ नका, फक्त दुवा द्या. लग्नघरात त्या दिवशी तुमच्या हाती बाकीची कामे कमी नसतील.

उत्तर: वर्धा रोड

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी पानाच्या सगळ्यात वर त्या दिवशीची सूचना टाका: कोणत्या स्टेशनावर कोणते वाहन उभे आहे, त्याचा रंग आणि क्रमांक. बाकीचा मजकूर तोवर सर्वांनी वाचलेला असतो.