५४ पैकी ५३ जागा, मग चारच वर्षांत ३१: लेस्टरचा हा तक्ता कोणी उलगडून सांगेल का?

गोदाकाठच्या बाई, नांदेड

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. राजकारणातलं मला फार कळतं असं नाही, पण निवडणुकीच्या ड्यूट्या मोजून अठरा केल्यात. लोकसभा, विधानसभा, झेडपी, महापालिका, काही सोडलं नाही. त्यामुळे निवडणूक म्हणलं की माझी नजर आधी टेबलं कुठं मांडलीत, मतदार यादी कोणाच्या हातात आहे आणि पाण्याचा माठ भरलाय का, इकडंच जाते.

लेक-जावई इंग्लंडात लेस्टरला असतात. २०२३ च्या एप्रिलात मी त्यांच्याकडे गेले आणि ४ मे रोजी तिथल्या सिटी कौन्सिलचं मतदान लागलं. लेक अजून भारतीय पासपोर्टवर आहे, तरी तिला मत! मला खरंच वाटेना. कॉमनवेल्थ देशांतले लोक तिथं रीतसर राहत असले की त्यांना मत असतं म्हणे. त्या वर्षीपासून फोटोचं ओळखपत्र सक्तीचं झालेलं, तर हिनं आपला निळा पासपोर्टच दाखवला.

मला आत सोडणार नव्हते, मी फाटकापाशी उभी राहिले. बंदोबस्त नाही, चुन्याची रेघ नाही, चिठ्ठ्या वाटणाऱ्या पोरांचे मांडव नाहीत. कुंपणाला दोन कुत्री बांधलेली, त्यांचे मालक आत मत द्यायला गेलेले. बाहेर आल्यावर लेकीचं बोट बघितलं, कोरं! शाई नाहीच. पेन्सिलीनं कागदावर फुल्या मारायच्या. आणि गुरुवार असून सुट्टी नाही. सकाळी सात ते रात्री दहा मतदान. रात्री दहा! म्हणजे केंद्राध्यक्षानं घरी कधी जायचं, हा माझा पहिला प्रश्न होता. पण तो राहू द्या.

खरा प्रश्न असा. परत आल्यावर त्या कौन्सिलचा सगळा निवडणुकांचा तक्ता मी वहीत उतरवून काढला (रिकामपण वाईट). २०१९ ला लेबर पक्ष ५३, लिबरल डेमोक्रॅट १. संपलं, ५४ चं सभागृह. आणि मी फाटकावर उभी होते त्या २०२३ ला लेबर ३१, काँझर्व्हेटिव्ह १७, लिबरल डेमोक्रॅट ३, ग्रीन ३. शून्यावरून सतरा? चार वर्षांत गावातली माणसं एवढी बदलली?

मला लगेच आमचं नांदेड आठवलं. ऑक्टोबर २०१७, ८१ पैकी ७३ काँग्रेस. त्या दिवशी मी ड्यूटीवर होते, आणि रांगेतल्या लोकांच्या बोलण्यावरून मला तरी गाव असं एकतर्फी वाटलं नव्हतं. आमच्या इथले ७३ आणि तिकडचे ५३ एकाच जातीचे आकडे आहेत की काय?

आणखी एक. तक्त्यात सुरुवातीला १९७३, ७६, ७९ असं तीन-तीन वर्षांनी येतं आणि नंतर बहुतेक चार-चार वर्षांनी. हे कसं काय? आणि तिथं मेयर दोन कसे? लेक म्हणते एक कामाचा आणि एक साखळी घालणारा. तिला विचारलं तर म्हणते, आई, मी फक्त मत देते, पीएचडी करत नाही.

परभणीकर_लेस्टर

मावशी, नमस्कार. मी मूळ परभणीचा, इथं बारा वर्षं झाली. तुमच्या लेकीच्या ताईगिरीला दाद देतो.

आधी मतपत्रिकेबद्दल सांगतो, त्यातच निम्मं उत्तर आहे. ५४ जागा, २१ वॉर्ड. म्हणजे कुठं दोन नगरसेवक, कुठं तीन. पण आपल्याकडं प्रभागात अ, ब, क, ड अशा वेगवेगळ्या जागा असतात, प्रत्येकीचं आरक्षण वेगळं, लढत वेगळी. इथं तसं काही नाही. आरक्षण हा प्रकारच नाही. सगळ्या उमेदवारांची एकच यादी, आडनावाच्या अक्षरक्रमानं, आणि तीन जागा असतील तर तुम्ही तीन फुल्या मारायच्या. वरचे तीन निवडून आले.

आता समजा एका पक्षाला वॉर्डात शंभरातले पंचेचाळीस लोक मानतात आणि बाकीचे तीन-चार पक्षांत वाटले गेलेत. ते पंचेचाळीस जण आपल्या तीन फुल्या एकाच पक्षाला देतात. तिन्ही जागा खिशात. पंचावन्न लोकांच्या हाती काही नाही. हेच शहरभर झालं की ५४ पैकी ५३. लोकांनी एकमतानं दिलेले नसतात ते. २०११ आणि २०१५ ला पण असंच होतं, लेबर ५२, बाकी दोघांना एक-एक.

आता २०२३ ला काय झालं? लोक २०२२ च्या सप्टेंबरात इथं झालेल्या हिंदू-मुस्लिम तणावाकडं बोट दाखवतात, त्याचा भाग असेलच. पण मी आधी तिकिटांकडं बघतो. लेबर पक्षाच्या वरच्या समितीनं उमेदवार निवडायचं काम स्थानिक लोकांच्या हातून काढून घेतलं आणि बसलेल्या नगरसेवकांतल्या बऱ्याच जणांची तिकिटं कापली. तिकीट कापल्यावर काय होतं हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायची गरज नाही. वारं त्याआधीच फिरलेलं होतं, ऑक्टोबर २०२२ मध्ये नॉर्थ एव्हिंग्टनच्या पोटनिवडणुकीत लेबरची जागा काँझर्व्हेटिव्हनं घेतली, तेव्हाच इथल्या देशी किराणा दुकानांतून चर्चा सुरू झाली होती. त्या वर्षी बाकी इंग्लंडात काँझर्व्हेटिव्ह पक्ष सडकून आपटला, हजारावर जागा गेल्या. लेस्टरला उलटं. गंमत आहे की नाही?

मेयर दोन, हे बरोबर. लॉर्ड मेयर मानाचा. साखळी, लाल झगा, शाळांची बक्षिसं. कारभार सिटी मेयरचा, तो २०११ पासून थेट लोकांतून निवडतात. तेव्हापासून पीटर सोल्सबी एकटेच, चार वेळा. त्याआधी ते इथले खासदार होते, ते सोडून या पदाला उभे राहिले. तुमच्या लेकीला त्या दिवशी दोन मतपत्रिका मिळाल्या असतील, एक मेयरची, एक नगरसेवकांची. मेयरच्या मतपत्रिकेवर पूर्वी पहिली पसंती, दुसरी पसंती असायची. २०२३ पासून ते बंद, एकच फुली.

जुना_लातूरकर

बाई, तुमची वही बघायला आवडेल. तीन वर्षांचा घोळ मी सोडवतो, हा माझा आवडता विषय आहे. घरात कोणी ऐकत नाही.

१८३५ च्या कायद्यानं इंग्लंडातल्या जुन्या नगरपालिकांची घडी बसवली. नगरसेवकाची मुदत तीन वर्षं, आणि दरवर्षी एक तृतीयांश निवृत्त. आपल्या राज्यसभेत दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जातात ना, तसंच, पण दरवर्षी. म्हणजे गावात दर वर्षी निवडणूक! शिवाय एक चतुर्थांश सभागृह ‘आल्डरमन’ नावाच्या मंडळींचं. त्यांना जनता निवडत नसे, नगरसेवकच निवडत, सहा वर्षांसाठी. आपले स्वीकृत नगरसेवक डोळ्यांपुढे आणा. फरक इतकाच की आपल्या स्वीकृतांना मताचा अधिकार नाही, त्यांना होता. त्यामुळे निवडणुकीत हरलेला पक्ष आल्डरमनांच्या जोरावर सत्तेत टिकून राहायचा, असे प्रकार होत.

१९७२ च्या कायद्यानं हे मोडलं. नवी कौन्सिलं १ एप्रिल १९७४ पासून कारभार हाती घेणार होती, म्हणून निवडणूक आधीच, १९७३ ला उरकली. पुढच्या १९७६ आणि १९७९ ला झाल्या आणि मग चार वर्षांची चाल सुरू झाली. तुमचा तक्ता बरोबर आहे. पण सगळीकडं एकगठ्ठा निवडणूक नसते हं. मँचेस्टर वगैरे ठिकाणी अजून एक-एक तृतीयांश चालतं, तीन वर्षं निवडणूक आणि चौथं वर्ष मोकळं. ऑक्सफर्डला निम्मे निम्मे, दर दोन वर्षांनी. बर्मिंगहॅमनं २०१८ ला आणि लिव्हरपूलनं २०२३ ला ते सोडून एकगठ्ठा पद्धत घेतली.

माझं मत विचाराल तर तृतीयांशवाली पद्धत बरी. एका लाटेत सगळं सभागृह वाहून जात नाही. पण तिथल्या चौकशी समित्यांचं म्हणणं उलट पडलं, की दरवर्षी निवडणूक असली की कटू निर्णय कोणी घेतच नाही.

जागा आणि माणसं यांचा हिशोब जुळत नाही याचा लेस्टरमधलाच जुना दाखला देतो. ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीननं युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत चालते व्हा म्हणून सांगितलं. त्यावर सप्टेंबरात लेस्टरच्या कौन्सिलनं ‘युगांडा आर्गस’ या तिथल्या वर्तमानपत्रात पैसे भरून जाहिरात दिली, की आमच्याकडे घरं नाहीत, शाळा भरल्यात, स्वतःच्या भल्यासाठी लेस्टरला येऊ नका. लोक आलेच. चार वर्षांनी, १९७६ च्या निवडणुकीत, परदेशी लोकांना हाकला म्हणणाऱ्या नॅशनल फ्रंटला शहरात १८ टक्क्यांच्या आसपास मतं पडली. आणि जागा? एकही नाही. म्हणजे १९७६ चा तुमच्या वहीतला रकाना बघून कोणाला कळणारही नाही की गावात काय चाललं होतं. त्या वर्षी लेबरकडून सत्ता काँझर्व्हेटिव्हकडे गेली, १९७९ ला परत आली, एवढंच दिसेल. आज त्याच आलेल्या लोकांची मुलं दोन्हीकडच्या बाकांवर बसतात.

शून्यावरून सतराचं म्हणाल, तर आमच्या लातूरला तुम्ही विसरलात. २०१२ ला महापालिकेत भाजपचा एकही नव्हता. २०१७ ला ७० पैकी ३६, काँग्रेस ३३. लेस्टर काय घेऊन बसलात!

जाता जाता. तुमची नांदेड-वाघाळा महापालिका झाली २६ मार्च १९९७ ला. लेस्टर जिल्ह्याच्या कौंटी कौन्सिलमधून बाहेर पडून स्वतःचं मालक झालं १ एप्रिल १९९७ ला. सहा दिवसांचं अंतर. याला काही अर्थ नाही, पण मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

बीडचा_बिनधास्त

इंग्रजाचं कौतुक कामून करायलात उगं? दीडशे वर्षं त्यांनीच लुटलं. आन् कुत्री बांधली म्हणजे लई मोठी लोकशाही झाली का?

जुना_लातूरकर

दादा, मराठवाड्याला इंग्रजानं नाही, निजामानं राखलं होतं. आपल्या नगरपालिका १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा येईपर्यंत हैदराबादच्या १९५६ च्या कायद्यावर चालायच्या. लुटीचा हिशोब वेगळ्या धाग्यावर काढू.

गोदाकाठच्या बाई, नांदेड

बिनधास्त भाऊ, कुत्र्यांचं कौतुक नव्हतं हो केलं. मला तर त्यातल्या एकाची भीतीच वाटत होती.

पण तुमच्या बोलण्यावरून एक विचारते. आमच्या नांदेडच्या महापालिकेची मुदत २०२२ च्या ऑक्टोबरात संपली आणि त्यानंतर कितीतरी दिवस प्रशासक. नगरसेवकच नव्हते. नळाला पाणी आलं नाही तर माणूस कोणाच्या दारात जाणार? तिकडं असं होतं का?

परभणीकर_लेस्टर

मावशी, निवडणुका लांबतात इथंही. कोविडमुळे २०२० च्या मे महिन्यातल्या २०२१ ला झाल्या. २०२५ ला नऊ ठिकाणच्या एक वर्ष पुढं ढकलल्या, कौन्सिलांची फेररचना करायची म्हणून. पण लांबल्या तरी जुने नगरसेवक खुर्चीत राहतात, रिकामं सभागृह असं दिसत नाही. लिव्हरपूलला २०२१ ला आणि बर्मिंगहॅमला २०२३ ला कारभार फसला म्हणून सरकारनं वरून कमिशनर बसवले, तेव्हाही निवडलेले लोक घरी गेले नाहीत. आपल्याकडं आयुक्त कायमच असतो आणि खरा कारभार त्याचाच, महापौर आपला बैठकीला. त्या अर्थानं आपला महापौर इथल्या लॉर्ड मेयरचा सख्खा भाऊ.

गोदाकाठच्या बाई, नांदेड

समजलं. वहीत सगळं लिहून घेतलं, १८ टक्के आणि शून्य जागा हे लाल पेनानं.

आता शेवटची शंका, ही माझ्या धंद्यातली आहे. काल लेकीला फोनवर विचारलं, तुझ्या तीन फुल्या कोणाकोणाला दिल्यास? नाव सांगणार नाही म्हणाली, पण दोनच मारल्या म्हणे, तिसरा कोणी पसंत नव्हता. तर मग त्या तिसऱ्या मताचं काय? आमच्याकडं २०१७ ला चार मतं दिल्याशिवाय यंत्र पुढं सरकत नव्हतं. एक आजी एकच बटण दाबून निघाली. मी म्हणते, आजी, अजून तीन राहिलीत. ती म्हणते, माझा माणूस एकच हाय, त्याला दिलं, बाकीच्यांना मी ओळखत नाही. नोटा दाबा म्हणलं तर नोटा कसली, मी पैसे घेतले नाहीत म्हणून भांडायला उठली! मागं रांग फाटकाबाहेर गेलेली. पोलिंग एजंट हसायलेत. शेवटी समजावून-समजावून तिच्याकडून बटणं दाबून घेतली, तेव्हा यंत्र वाजलं. असे दिवसभरात वीस-पंचवीस तरी.

तर तिथं कोणी तीनातली दोनच दिली, किंवा एकच दिलं, तर केंद्राध्यक्षाला काही करावं लागतं का?

परभणीकर_लेस्टर

काहीच नाही मावशी. कागदाची घडी घालायची, पेटीत टाकायची, घरी जायचं. जेवढ्या फुल्या तेवढी मतं मोजतात. तीनाच्या वर मारल्या तरच बाद.

गोदाकाठच्या बाई, नांदेड

अगं बाई! मग तिथं ती आजी अर्ध्या मिनिटात मोकळी झाली असती, आणि मी साडेपाचला.