मदत हवी आहे: कोलिस्टिनचा डोस दुपटीहून जास्त दिला जात आहे का?

उंबरठा: वडिलांना आयसीयूत परवापासून शिरेतून कोलिस्टिन हे अँटिबायोटिक सुरू आहे. पहिला डोस ९० लाख युनिटचा होता आणि आता दर बारा तासांनी ४५ लाख युनिट देतात, म्हणजे ३६० मिलिग्रॅम, असे नर्सबाईंनी सांगितले. अमेरिकेतला आतेभाऊ म्हणतो की तिकडे एका वेळी १५० मिलिग्रॅम देतात. मग इथे दुपटीहून जास्त का? डॉक्टर संध्याकाळी भेटणार आहेत, कृपया लवकर सांगावे.

गवतफुला: वय, वजन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी), कोणता जंतू, कुठे सापडला? यांतले काहीच न सांगता डोस बरोबर की चूक हे कोण सांगणार?

खलबत्ता: भावाचा आणि आपला आकडा एकच आहे. हे औषध कोलिस्टिमेथेट या निष्क्रिय रूपात टोचतात आणि शरीरात त्याचे कोलिस्टिन होते. अमेरिकेत कोलिस्टिनचे वजन मोजतात, आपल्याकडे युनिट लिहितात. ४५ लाख युनिट म्हणजे कोलिस्टिमेथेट ३६० मिलिग्रॅम, पण कोलिस्टिन सुमारे १५० मिलिग्रॅमच. याच घोटाळ्यामुळे कागदावर नुसते मिलिग्रॅम लिहू नयेत.

रानवारा: कोलिस्टिन सोडा, त्याच्याच जातीचे पॉलिमिक्सिन-बी मागा. मूत्रपिंड बिघडले तरी त्याचा डोस बदलावा लागत नाही. माझ्या सासूबाई त्यानेच वाचल्या.

गवतफुला: संसर्ग लघवीतला असेल तर पॉलिमिक्सिन-बीचा उपयोग कमी, ते लघवीत फारसे उतरतच नाही. आधी रिपोर्ट येऊ द्या.

चावडी: कोंबड्यांना वाढीसाठी हेच कोलिस्टिन चारत होते, २०१९ साली केंद्राने त्यावर बंदी घातली. आता जंतू दाद देत नाहीत यात नवल काय?

उंबरठा: वय ६८, वजन ६२ किलो. लघवीत क्लेब्सिएला हा जंतू आहे. क्रिएटिनिन १.० होते, आज १.९ आहे. अमिकासिन हे दुसरे अँटिबायोटिक आठवडाभर चालूच आहे. ते नेहमीचे म्हणून लिहिले नव्हते.

खलबत्ता: खरा प्रश्न हा आहे. दोन्ही औषधे मूत्रपिंडाला जड जातात. अमिकासिनची गरज अजून आहे का आणि आजच्या क्रिएटिनिनवरून कोलिस्टिनचा डोस पुन्हा ठरवला का, हे विचारा. परस्पर काही थांबवायला मात्र सांगू नका. लघवी किती होते? ओठांभोवती मुंग्या, बधिरपणा? कोलिस्टिन नसांना बाधले तर असे होते.

उंबरठा: ओठ बधिर झाल्याचे ते सकाळीच म्हणाले होते. मला वाटले, तोंड कोरडे पडले असेल.

खलबत्ता: संध्याकाळची वाट पाहू नका. पुढचा डोस लागण्याआधी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगा.