मदत हवी आहे: ब्लूटूथ जीपीएस रिसीव्हर घेतला, तरी पेठ रस्त्यावर नकाशातला ठिपका हलत नाही

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. आम्ही तिघी मैत्रिणी एक शनिवार आड पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर डोळे तपासायला आणि चष्म्याचे नंबर काढायला जातो. गाडी माझी आहे, चालवतेही मीच. दोन वर्षांपूर्वी घेतलेली जुनी हॅचबॅक आहे. फोन अँड्रॉइड, चार वर्षं वापरातला.

शहरातून निघताना पेठ नाका, आरटीओपर्यंत रस्ता पाठ आहे. पुढे सावळघाटाकडे मोबाइलची रेंज जाते आणि नकाशातला निळा ठिपका एका जागी थिजतो. मग दोन किलोमीटर पुढे गेल्यावर एकदम उडी मारतो. गेल्या खेपेला करंजाळी सोडल्यावर आमचा फाटा असाच हुकला. फोनमधली बाई "सरळ जा" म्हणत राहिली आणि आम्ही सरळ गेलो. अकराची वेळ दिलेली, पोचलो दीडला. डोळ्यांवर हात धरून बसलेली म्हातारी माणसं सकाळपासून आमची वाट बघत होती. त्यातले काही जण चार-पाच किलोमीटर चालत आले होते. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

फोनचा जीपीएस कमकुवत झाला असेल म्हणून वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर विकत घेतला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा आहे. जागा सापडली की हिरवा दिवा लुकलुकतो. डॅशबोर्डवर ठेवला, फोनला जोडला, फोनमध्ये 'कनेक्टेड' दिसतं. पण नकाशात काडीचाही फरक नाही.

तीन प्रश्न आहेत. नकाशा रिसीव्हरचं ऐकतोय की फोनचंच, हे कसं ओळखायचं? रेंज गेल्यावर जीपीएसही जातो का? आणि द्वारकेला मी पुलाखालच्या सर्व्हिस रोडवर असते तेव्हा फोनला मी उड्डाणपुलावर आहे असं का वाटतं? रिसीव्हरने ते तरी सुटेल का?

प्रतिसाद – देवळालीकर

ताई, आधी रिसीव्हरचं बघू. ब्लूटूथने नुसता जोडला म्हणून अँड्रॉइड त्याचं ऐकत नाही, फोन स्वतःचाच जीपीएस वापरत राहतो. मध्ये एक अ‍ॅप लागतं, जे रिसीव्हरकडून येणारी माहिती फोनला 'हीच माझी जागा' म्हणून देतं. प्ले स्टोअरवर 'ब्लूटूथ जीपीएस' असं शोधलंत तर अशी बरीच सापडतील. मग सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडून 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारा. 'डेव्हलपर ऑप्शन्स' सुरू होतील. त्यात 'सिलेक्ट मॉक लोकेशन अ‍ॅप' आहे, तिथे ते अ‍ॅप निवडा. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून त्या अ‍ॅपला वगळा, नाहीतर स्क्रीन बंद झाली की फोन त्याला झोपवतो. दोन गोष्टी लक्षात असू द्या: डेव्हलपर ऑप्शन्स सुरू असताना बँकांची काही अ‍ॅप कुरकुर करतात, आणि काम झाल्यावर मॉक लोकेशन बंद केलं नाही तर फोन जुन्याच जागी अडकून बसतो.

आता रेंजचं. जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सिग्नल पाठवतात आणि फोन तो फक्त ऐकतो. जागा काढायला निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. पण कोणता उपग्रह नेमका कुठे आहे, ही माहिती फोन एरवी नेटवरून चटकन उचलतो. नेट नसेल तर तीच उपग्रहाकडून हळूहळू यावी लागते. प्रत्येक उपग्रह ती दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो, पण मध्ये झाड, डोंगर, वळण आलं की ऐकणं तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. घाटात हेच होतं. म्हणून घरून निघतानाच, नेट चालू असताना नकाशा सुरू करून ठिपका पक्का होऊ द्या आणि मग वाटेत तो बंद करू नका. ही माहिती काही तासांत शिळी होते. परतीला निघण्याआधी पाड्यावर मोकळ्या जागी गाडी एक-दोन मिनिटं उभी ठेवा.

आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या. गूगल मॅप्समध्ये ऑफलाइन नकाशाची सोय आहे. पाड्यांच्या वाटांसाठी ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडही ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपवर लोकांनी आपल्या हातांनी काढलेल्या कच्च्या वाटा त्यांत बऱ्याचदा सापडतात.

प्रतिसाद – आडगावचा

ताई, तुमचा फास्टॅग टोलनाक्यावर एका दमात वाचला जातो का?

विचारायचं कारण असं की गाडी जुनी घेतलेली आहे. काचेवर ऊन अडवणारी फिल्म असेल आणि तिच्यात धातूचा थर असेल तर जीपीएसचा सिग्नल तिथेच अडतो. तो मुळातच फार क्षीण असतो. मग डॅशबोर्डवर फोन ठेवा की रिसीव्हर, दोघांचे हाल सारखेच. फास्टॅगही रेडिओ लहरींवर चालतो, म्हणून तोही अडखळतो.

तपासायला सोपं आहे. 'जीपीएसटेस्ट' नावाचं अ‍ॅप टाका. ते प्रत्येक उपग्रहाच्या सिग्नलचा आकडा दाखवतं. आधी मोकळ्या मैदानात गाडीबाहेर बघा, मग आत डॅशबोर्डवर. मॉक लोकेशन तेवढं बंद ठेवा.

द्वारकेचं मात्र रिसीव्हरने सुटणार नाही. पूल आणि खालचा रस्ता नकाशावर जवळजवळ एकाच रेषेत येतात, फरक फक्त उंचीचा. उपग्रह सगळे आकाशात, पायाखाली एकही नाही, त्यामुळे उंचीचा अंदाज आडव्या जागेपेक्षा जास्त चुकतो. वर पुलाचं काँक्रीट आकाश झाकतं आणि इमारतींवर आपटून आलेला सिग्नल लांबून येतो, म्हणून ठिपका कधी बाजूच्या गल्लीतही दिसतो. तिथे पाटी बघूनच वळा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचे मनापासून आभार. फास्टॅगचं वाचलं आणि चमकलेच. मुंबईला जाताना प्रत्येक वेळी टोलनाक्यावरचा मुलगा हातातलं मशीन घेऊन काचेजवळ येतो. मला वाटायचं टॅग जुना झाला.

काल इमारतीच्या गच्चीवर आणि मग खाली गाडीत, दोन्हीकडे बघितलं. गच्चीवर बहुतेक उपग्रहांचे आकडे ३८ ते ४२. डॅशबोर्डवर तेच उपग्रह १९, २१, २२. खाली इमारतीची आड आहे म्हणून गाडी मोकळ्या मैदानात नेली. उघड्या दारातून हात बाहेर काढून फोन धरला की ४०, आत घेतला की २१. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. म्हणजे फोन धडधाकट आहे! पुढच्या काचेचा कोपरा नखाने खरवडला तर फिल्मची कड सुटली. इतकी फिकट आहे की दोन वर्षांत लक्षातच आली नाही.

सोमवारी गॅरेजात फिल्म काढून घेते. शनिवारी जाऊन आले की लिहिते.

धागाकर्तीचा प्रतिसाद

जाऊन आलो. फिल्म काढल्यावर डॅशबोर्डवर ३४ ते ३७ आकडे आले. रिसीव्हर घरीच ठेवला होता, नुसत्या फोनवर गेलो. निघताना दारात ठिपका पक्का करून घेतला, नकाशा उतरवलेला होताच. सावळघाटात रेंज गेली, पण ठिपका प्रत्येक वळणाला गाडीबरोबर वळत होता. आमचा फाटा दोनशे मीटर आधीच सांगितला. दहा पन्नासला पाड्यावर होतो. परतताना शाळेच्या मैदानात दोन मिनिटं थांबलो आणि तेही कामी आलं.

आता हा रिसीव्हर पडून आहे. सुरगाण्याकडे जाणाऱ्या एका मैत्रिणीला देईन म्हणते, पण तिचा आयफोन आहे. चालेल का?

प्रतिसाद – देवळालीकर

वा, फार बरं वाटलं वाचून! आयफोनला मात्र मॉक लोकेशनची ही सोय नाही. त्याला अ‍ॅपलची मान्यता असलेलाच रिसीव्हर लागतो, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. तुमच्या खोक्यावर नुसतं अँड्रॉइड असेल तर तो जुना अँड्रॉइड वापरणाऱ्या कुणाला द्या. आणि त्या मैत्रिणीला आधी काच तपासायला सांगा.